टाकीत न मावणारा समुद्र

पावसाळ्यात रत्नागिरीला जाणाऱ्या पर्यटकाला समुद्र फक्त दुरून पाहता येतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. मिरकरवाडा बंदरात होड्या ताडपत्र्या आणि झापांखाली एकमेकींना खेटून उभ्या असतात, भाट्याच्या किनाऱ्यावर लाटा इतक्या आत येतात की पाण्यात पाय घालायलाही कोणी धजावत नाही, आणि मांडवीच्या धक्क्यावर उभे राहिले तरी समोर दिसते ते नुसते गढूळ, करडे, उसळणारे पाणी. त्या पाण्याच्या आत आता काय चालले असेल, ही उत्सुकता एरवीपेक्षा अशाच दिवसांत जास्त वाटते. जुलैतल्या एका मुक्कामात थिबा राजवाडा पाहून झाला, टिळकांचे जन्मस्थान पाहून झाले, पाऊस काही उघडीप देईना, आणि मग आम्ही मत्स्यालयाची वाट धरली.

रत्नागिरीचे मत्स्यालय हे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचा भाग आहे. दापोलीचे विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. हे केंद्र त्याच्याही आधीचे, १९५८ सालचे. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण त्यामुळे या वास्तूचा स्वभावच वेगळा झाला आहे. जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात उघडले ते लोकांनी पाहावे म्हणून. मद्रासच्या मरिना किनाऱ्यावर १९०९ साली उभे राहिलेले मत्स्यालय, किंवा १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय, ही दोन्हीही मुख्यतः प्रेक्षकांसाठी होती. तारापोरवाल्यात २०१५ च्या नूतनीकरणानंतर काचेचा बोगदा आला, तेव्हा आमच्या नात्यातली सगळी मुले तो पाहायला रांगेत उभी राहिली होती. रत्नागिरीला बोगदा नाही, रोषणाईचा थाट नाही, तिकीटही किरकोळ आहे. इथे आधी प्रयोगशाळा आहे आणि तिच्यातला काही भाग लोकांना पाहण्यासाठी खुला केला आहे. त्यामुळे इथल्या पाट्यांवर माशांची शास्त्रीय नावे आणि स्थानिक नावे शेजारी शेजारी नांदतात, आणि ज्याला वाचायची सवय आहे त्याच्या हाती बरेच काही लागते.

बहुतेक पर्यटक मात्र इथून पंधरा-वीस मिनिटांत बाहेर पडतात. त्यांना दोष द्यावा असे वाटत नाही, कारण सहलीच्या कार्यक्रमात गणपतीपुळे, जयगड, पावस अशी बरीच ठिकाणे एका दिवसात बसवलेली असतात. पण मत्स्यालय हे चालत पाहण्याचे ठिकाण नव्हे, उभे राहून पाहण्याचे आहे, एवढे आग्रहाने सांगावेसे वाटते. टाकीतला मासा आपण आलो म्हणून काही करत नाही. तो दिवसभर जे करत असतो तेच करत राहतो, आणि ते दिसायला थोडा वेळ द्यावा लागतो.

मी सर्वांत जास्त वेळ उभी राहिले ती समुद्रघोड्यांपुढे. पहिल्या नजरेला टाकी रिकामीच वाटली. मग एका पिवळसर काडीला डोळा आहे असे दिसले, आणि तो डोळा फिरला. दुसऱ्या बाजूचा डोळा त्याच वेळी भलतीकडे पाहत होता, कारण समुद्रघोड्याचे दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात. शेपटीचा शेवटचा वेढा त्याने एका काटकीभोवती घट्ट आवळला होता आणि वरचे अंग पाण्याच्या हालचालीबरोबर जरासे मागेपुढे होत होते. त्याला खवले नसतात. कातडीखाली हाडांच्या तकटांची कडी असतात आणि त्या कड्यांच्या कडा अंगभर उठून दिसतात. पाठीवरचा पारदर्शक पर मात्र दिसतो न दिसतोसा, कारण तो सेकंदाला तीस-पस्तीस वेळा फडफडतो. एवढी धडपड करूनही हा मासा फारसा पुढे जात नाही. पोहण्यात तो माशांमध्ये सर्वांत मंद असावा. जागा सोडायचीच नाही आणि तोंडासमोरून जाणारा बारीक जीव नळीसारख्या तोंडाने आत ओढायचा, ही त्याची जगण्याची रीत. त्याला जठर नसते, अन्न पोटात साठवून ठेवता येत नाही, म्हणून दिवसभर थोडे थोडे खात राहावे लागते. टाकीत त्याला जगवणाऱ्यांना किती जपावे लागत असेल, याचा अंदाज एवढ्यावरूनच येतो.

शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंना पाटीवरची एक ओळ वाचून आश्चर्य वाटले आणि त्यांनी ती मोठ्याने आपल्या यजमानांना वाचून दाखवली: समुद्रघोड्यांत गर्भ नर वाहतो. मादी अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत घालते, तिथे ती उबतात, आणि काही आठवड्यांनी नर आपल्या पोटातून शेकडो पिल्ले बाहेर सोडतो. हा जीव आपल्याकडेही जाळ्यांत अडकून येतो. वाळवलेल्या समुद्रघोड्यांना पूर्व आशियात औषध म्हणून मोठी मागणी होती आणि भारतातूनही त्यांचा व्यापार चाले. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचा समावेश झाला, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने हा बोटभर मासा वाघाच्या पंक्तीला बसला. टाकीतली ती काटकी पाहताना हे माहीत असले तर पाहणे बदलते.

पुढच्या टाक्यांत खडकांत राहणारे मासे होते. सिंहमासा आपले पट्ट्यापट्ट्यांचे पर पसरून इतक्या सावकाश फिरत होता की त्याला कशाचीच भीती नसावी असे वाटले, आणि ते बऱ्याच अंशी खरेच आहे. त्याच्या पाठीच्या काट्यांत विष असते, त्यामुळे त्याच्या वाटेला फारसे कोणी जात नाही. हाच मासा हौशी लोकांच्या टाक्यांतून अमेरिकेच्या फ्लोरिडाच्या समुद्रात सुटला आणि गेल्या काही दशकांत कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळांवर त्याने उच्छाद मांडला. आपल्याकडेही असे घडते आहे. गोड्या पाण्याच्या विभागात काचेला चिकटलेला सकर मासा सगळ्या मुलांना आवडतो. तो दक्षिण अमेरिकेचा. घरच्या टाकीत मोठा झाला की लोक त्याला नदीत सोडतात. उजनी धरणातल्या मच्छीमारांनी त्याला हेलिकॉप्टर मासा असे नाव दिले आहे. तो जाळ्यात आला की काट्यांनी जाळे फाडतो आणि बाजारात त्याला विचारत कोणी नाही. गोड्या पाण्याच्या त्या विभागातले गोल्डफिश, एंजल, गुरामी कोणत्याही शहरातल्या दुकानात दिसतात. मी तिथे फार रेंगाळले नाही.

खडकाच्या फटीतून डोके बाहेर काढून बसलेली वाम मात्र विसरता येत नाही. ती एकसारखे तोंड उघडत होती आणि मिटत होती, दात स्पष्ट दिसत होते, आणि काचेपुढे येणारा प्रत्येक माणूस ‘चावायला बघतेय’ असे म्हणून एक पाऊल मागे सरकत होता. प्रत्यक्षात ती श्वास घेत होती. माशाला कल्ल्यांवरून पाणी सतत वाहते ठेवावे लागते, कारण पाण्यात प्राणवायू फारच कमी असतो. एक लिटर समुद्राच्या उबदार पाण्यात तो सहा-सात मिलिग्रॅम विरघळलेला असतो, आणि तेवढ्याच हवेत त्याच्या चाळीस पटींच्या आसपास. एका जागी बसून राहणाऱ्या वामेला हे पाणी आपल्या तोंडाच्या भात्यानेच आत ओढून कल्ल्यांवाटे बाहेर ढकलावे लागते. तिचे तोंड उघडणे-मिटणे ही तिच्या छातीची हालचाल समजावी.

याच टाकीपुढे एक आजी आणि त्यांचा सात-आठ वर्षांचा नातू उभे होते. मुलगा पुण्याचा असावा, बोलण्यावरून तसे वाटले. आजी इथल्याच. त्यांना पाट्यांची गरज नव्हती. हा तांबोसा, हा हेकरू, ही शेंगटी, हिचा काटा लागला तर हात सुजतो, असे त्या एकेका टाकीपुढे सांगत चालल्या होत्या, आणि प्रत्येक नावाबरोबर त्याचे कालवण करायचे की तळायचे हेही येत होते. मुलगा ऐकत होता, पण त्याला भलतेच काही हवे होते. सगळ्या टाक्या संपत आल्यावर त्याने विचारले, “आजी, बांगडा कुठे आहे?”

आजी म्हणाल्या, “अरे बाबू, बांगडा हितं कसा ऱ्हाईल? तो काय एका जाग्यावर ठरतो?”

मला वाटते, त्या मत्स्यालयात त्या दिवशी बोलले गेलेले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच. कोकणातल्या ताटात सर्वांत जास्त येणारा, परवडणारा, मुलांना नावानिशी ठाऊक असणारा मासा मत्स्यालयात नाही, आणि त्याचे कारण आजींनी एका वाक्यात सांगून टाकले. मी परत फिरून सगळ्या टाक्या त्या दृष्टीने पुन्हा पाहिल्या. सिंहमासा, वाम, समुद्रघोडा, हेकरू, तारामासे, समुद्रकाकडी, शिंपले. हे सगळे खडकाला, वाळूला, कपारीला धरून राहणारे जीव. त्यांचे समुद्रातले घरही काही हातांचेच असते. त्यांना टाकी मानवते, निदान जगण्यापुरती तरी मानवते. बांगडा, तारली, सुरमई, पापलेट यांतले कोणी तिथे जिवंत नव्हते.

बांगड्याचे शरीरच थांबण्यासाठी घडलेले नाही. तो हजारोंच्या थव्याने पोहतो आणि पोहताना तोंड मोठे उघडून पाणी आत घेतो. कल्ल्यांपाशी लांबलचक, दाट केसर, म्हणजे कंगव्यासारखे दाते असतात. त्यांत पाण्यातले सूक्ष्म प्लवक गाळले जाऊन पोटात जातात आणि उरलेले पाणी कल्ल्यांवरून वाहून जाताना श्वासही होतो. म्हणजे त्याचे चालणे, जेवणे आणि श्वास घेणे ही एकच क्रिया आहे. वाम बसल्या जागी भाता चालवते, बांगडा स्वतःच धावत राहतो. चौकोनी टाकीत दर चार हातांवर काच आली तर त्याने करायचे काय? शिवाय त्याचे बारीक खवले नुसत्या हाताळण्यानेही निघतात, आणि खवले गेलेल्या माशाला रोग लगेच पकडतो. परदेशातल्या काही प्रचंड मत्स्यालयांत कोपरे नसलेल्या गोल टाक्या बांधून अशा थव्याने फिरणाऱ्या माशांना सतत फिरत ठेवतात. तेवढी जागा, तेवढे पाणी आणि तेवढी वीज आपल्या जिल्ह्याच्या मत्स्यालयाकडे कुठून असणार?

पापलेटची गोष्ट आणखी मजेदार आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यमासा घोषित केले, आणि ते योग्यच झाले, कारण लहान पापलेट बेसुमार पकडले गेल्याने पालघर-सातपाटीपासून सगळीकडे त्याचे प्रमाण घटत असल्याची ओरड मच्छीमार स्वतःच करत होते. पण हा राज्यमासा मुलांना जिवंत दाखवायचा म्हटले तर सोपे नाही. त्याची कातडी नाजूक, खाणे मऊ प्लवकांचे, आणि स्वभाव बुजरा. कुवेत आणि चीनमधल्या संशोधकांना टाकीत पापलेटची पैदास करण्यासाठी वर्षानुवर्षे खपावे लागले. राज्यपक्षी हरियाल झाडावर दिसू शकतो, राज्यप्राणी शेकरू भीमाशंकरला दिसते, राज्यवृक्ष आंबा दारात असतो. राज्यमासा मात्र जवळजवळ प्रत्येक मराठी माणसाने फक्त मेलेलाच पाहिलेला आहे. मीही त्यातलीच एक.

ही जाणीव मनात आली की मत्स्यालयाचा संग्रहालय-विभाग निराळाच दिसू लागतो. तिथे काचेच्या बरण्यांत फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेले मासे आहेत. रंग उडालेले, सगळे एकसारखे पिवळट झालेले. पर्यटक या बरण्यांपुढून सर्वांत भरभर जातात. पण टाक्यांत नसलेला समुद्र इथे आहे. जे एका जागी ठरतात ते बाहेर जिवंत, आणि जे फिरतात ते इथे बरण्यांत. मी बरण्यांवरची नावे सावकाश वाचली. लहानपणी दोरीवर वाळताना, टोपलीत, ताटात पाहिलेले कितीतरी मासे त्या नावांत होते. त्यांचे पुरते शरीर, परांची रचना, तोंडाचा आकार मी प्रथमच नीट पाहिला. ताटात येतो तो तुकडा असतो.

जतन केलेल्या कासवापाशीही असेच झाले. रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीसाठी आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाला आहे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी घरट्यांचे रक्षण सुरू केले, गावकरी त्यात उतरले, आणि पुढे इतर किनाऱ्यांवरही ते काम पसरले. या कासवांचा फिरण्याचा पल्ला केवढा असतो हे अलीकडे कळू लागले आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली परावर खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये थेट गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. भारताला वळसा घालून आलेली, सुमारे ३,५०० किलोमीटरची ही वाट. तोवर पूर्व किनाऱ्याची कासवे निराळी आणि पश्चिमेची निराळी असे मानण्याकडे कल होता. असा जीव टाकीत ठेवून पाहायचा म्हणजे नेमके काय पाहायचे? जाळ्यांत सापडून जायबंदी झालेल्या कासवांना बरे होईपर्यंत टाकीत ठेवावेच लागते, ते वेगळे. पण धडधाकट कासव शोभेसाठी कुठेही ठेवू नये असे माझे ठाम मत आहे, आणि कायदाही त्याच बाजूचा आहे.

आणि मग तो देवमाशाचा सांगाडा. रत्नागिरीच्या मत्स्यालयाची ओळखच त्या सांगाड्याने आहे. पन्नास फुटांहून लांब असा हा सांगाडा एका नजरेत मावत नाही. एका टोकाला उभे राहून दुसरे टोक पाहायचे तर मान फिरवावी लागते. लोक जबड्यापाशी उभे राहून फोटो काढतात. मी पुढच्या पराच्या हाडांपाशी थांबले, कारण तिथे खरी गोष्ट लिहिलेली आहे. बाहेरून जो वल्ह्यासारखा पर दिसतो, त्याच्या आत खांद्याचे पाते आहे, दंडाचे आखूड जाड हाड आहे, त्यापुढे हाताची दोन हाडे आहेत, मनगट आहे, आणि त्यापुढे ओळीने बोटांची पेरे आहेत. माझ्या स्वतःच्या हाताची हाडे ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने. देवमासा मासा नाही हे शाळेत शिकलो होतो. तो हवा श्वासात घेतो, पिल्लांना दूध पाजतो, त्याचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीवर चार पायांनी चालत होते, हे सगळे पाठ होते. पण ती बोटांची पेरे समोर पाहिल्यावर ते पाठांतर राहत नाही.

असा सांगाडा तयार करणे हे मोठे जिकिरीचे काम असते. किनाऱ्याला लागलेला मृत देह वाळूत पुरून ठेवतात, मांस गळून जायला महिनोन्महिने, कधी वर्षे जातात, मग एकेक हाड उकरून, धुऊन, त्यातले तेल काढून पुन्हा क्रमाने जोडावे लागते. ज्यांनी हे केले असेल त्यांची नावे पर्यटकाला कळत नाहीत. सांगाड्याखालून फिरताना मला नोव्हेंबर २०२३ मधली गणपतीपुळ्याची घटना आठवली. तिथे किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाच्या पिल्लाला वाचवण्यासाठी ग्रामस्थ, वनखाते, तटरक्षक दल, सगळ्यांनी जिवाचे रान केले. त्याचे अंग ओले ठेवण्यासाठी लोक पाणी ओतत राहिले, भरतीची वाट पाहिली, दोर लावून त्याला खोल पाण्यात नेऊन सोडलेही. ते पुन्हा किनाऱ्याला आले आणि वाचले नाही. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतले फोटो पाहणाऱ्या कितीतरी जणांना प्रथमच कळले असेल की असा जीव आपल्या गावासमोरच्या पाण्यात राहतो. रत्नागिरीच्या मत्स्यालयात मात्र ही बातमी कायमची उभी आहे.

फिरणाऱ्या समुद्राचा सर्वांत मोठा रहिवासी असा हाडांच्या रूपाने आहे, आणि सर्वांत छोटा, मंद, एका काटकीला शेपटी गुंडाळून बसणारा समुद्रघोडा पलीकडे जिवंत आहे. या दोन टोकांमध्ये जे काही आहे ते दाखवणे मत्स्यालयाच्या हातात नाही. हा त्याचा दोष नाही. ते काचेच्या टाकीच्या जातीतच आहे.

उलट जे जिवंत ठेवले आहे ते कशाच्या बळावर, याचा विचार करून मला तिथल्या माणसांविषयी आदर वाटला. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात काजळी, शास्त्री, वाशिष्ठी या नद्या सह्याद्रीवरचे सगळे पाणी समुद्रात आणून ओततात, किनाऱ्याजवळची क्षारता घसरते आणि पाण्यात मातीच माती असते. म्हणजे समुद्र शंभर पावलांवर असून त्याचे पाणी माशांना चालत नाही. अशा महिन्यांत कोणत्याही किनाऱ्यावरच्या मत्स्यालयाला टाकीतलेच पाणी पुन्हा पुन्हा गाळून, हवा भरून वापरावे लागते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो थोडासाही साठला तर मासे दगावतात. गाळणीतल्या वाळूवर वाढणारे एक प्रकारचे जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्याचे नायट्रेट करतात, आणि मग ते पाणी माशांना सोसते. नव्या टाकीत या जिवाणूंची वस्ती बसायला काही आठवडे लागतात, तोवर तिथे नाजूक मासे सोडता येत नाहीत. आणि वीज गेली की हे सगळे धोक्यात येते. कोकणातल्या पावसात वीज जाणे ही काय नवलाची बाब आहे? टाक्यांच्या मागून येणारी पंपांची घरघर बहुतेकांना कटकट वाटते. मला ती ऐकून बरे वाटले.

म्हणूनच काचेवर टकटक करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्या दिवशीही काही तरुण मुले सिंहमाशाने वळून पाहावे म्हणून नाण्याने काच वाजवत होती. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, आणि माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत कंपने टिपणाऱ्या संवेदनाग्रांची एक रेघच असते. आपण बोटाने वाजवतो ते त्याच्या सबंध अंगावर आदळते, आणि त्याला पळून जायला जागा नसते. मी त्या मुलांना हे सांगितले. त्यांनी ऐकले, आणि त्यातला एक जण नंतर वामेचा श्वास बराच वेळ पाहत उभा राहिला, हे मुद्दाम नोंदवते.

मला एका गोष्टीची इच्छा आहे, आणि ती खर्चाची नाही. मत्स्यालयाच्या दारातच, पहिल्या टाकीच्याही आधी, बांगड्याचे एक पूर्णाकृती चित्र असावे आणि त्याखाली साध्या मराठीत लिहिलेले असावे की हा मासा आत का नाही. तो कसा फिरतो, तोंड उघडून कसा जेवतो, पावसाळ्यात कुठे विणतो आणि बंदी त्याच दिवसांत का असते. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन जाळी वापरणारे यांच्यातला रत्नागिरी-सिंधुदुर्गातला झगडा नेमका या थव्याने फिरणाऱ्या माशांवरूनच आहे, कारण पर्ससीनने अख्खा थवाच्या थवा वेढून काढता येतो. शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध आणले तेही याच कारणाने. आपल्या ताटाशी, आपल्या गावच्या भांडणाशी ज्याचा सर्वांत जवळचा संबंध आहे तो मासा मुलांना पहिल्यांदा भेटला पाहिजे, मग तो चित्रात का असेना. सिंहमासा नंतर भेटला तरी चालेल.

तोवर, जे रत्नागिरीला जाणार आहेत त्यांना माझे सांगणे आहे की शक्य असेल तर ऑगस्टच्या उत्तरार्धात जावे. बंदी उठलेली असते, नारळी पौर्णिमाही बहुधा झालेली असते आणि होड्या पुन्हा दर्यावर जाऊ लागतात. आधी मत्स्यालयात निवांत दोन तास काढावेत, वाम आणि समुद्रघोडा नीट पाहावेत, बरण्या वाचाव्यात. दुसऱ्या दिवशी पहाटे मिरकरवाड्याला जावे. तिथे होड्यांतून क्रेट उतरत असतात, बर्फ फोडला जात असतो, लिलावाची बोली चालू असते. क्रेटमधला नुकता आलेला बांगडा पाहावा. त्याची पाठ निळसर हिरवी असते, तिच्यावर गडद रेघा असतात, कुशीला सोनेरी झाक असते आणि छातीच्या पराजवळ एक काळा ठिपका असतो. बाजारात येईपर्यंत हे रंग निम्मे उतरलेले असतात. मुलांना बरोबर न्यावे, वासाने ती नाक मुरडली तरी न्यावे, आणि हा मासा कुठल्या जाळ्यात, किती वाव पाण्यात मिळाला हे होडीवरच्या तांडेलांना विचारावे. कामाच्या घाईत असले तरी ते सांगतात.